अर्धा कापलेला टप

"दाजी, तुम्ही निवांत चहा घ्या. तो गार व्हायच्या आत टप खाली असेल."

मुरली हे बोलला तेव्हा चहा वाफाळत होता. त्याच्या बोलण्यात तेवढंच काय ते खरं होतं.

मुरली माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, आणि गॅरेजातला माझा भागीदार. गॅरेज म्हणजे निफाडच्या बाजूला रस्त्याकडेची एक पत्र्याची शेड. मी डेंटर. चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करायच्या, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, हे आयुष्यभर केलं. त्यात माझं उजवं मनगट कामातून गेलं. चहाचा कप उचलला तरी कप थरथरायचा आणि लोकांना वाटायचं मिस्तरी चिडलेत. मी चिडलेला नसायचो, दमलेला असायचो. त्यात निवडणूक लागलेली. सगळ्याच उमेदवारांच्या रिक्षांवर भोंगे बसवून द्यायचं काम आमच्याकडे होतं. महिनाभर भोंग्यांनी कान आणि मनगटाने जीव खाल्ला होता.

तर मुरलीने नाशिकहून हवेवर चालणारी करवत आणली होती. दिसायला पिस्तुलासारखी. पुढे बोटभर लांबीचं दातेरी पातं. मागे कॉम्प्रेसरचा पाइप जोडायचा, खटका दाबायचा, की पातं मागे-पुढे पळतं आणि पत्रा कापत जातं. निदान दुकानात तरी कापत गेलं होतं.

"दाजी, मनगटाला आता पेन्शन," मुरली म्हणाला. "वारा कापणार, आपण नुसतं धरायचं."

पहिलंच काम आलं ते बाजीराव वाकचौऱ्यांचं. नगरपंचायतीला अपक्ष उभे होते, निशाणी कपबशी. मतदान उरकलं होतं, मोजणी दुसऱ्या दिवशी. बाजीरावांना मिरवणुकीसाठी उघडी गाडी पाहिजे होती. म्हणून ते पांढरी अँबॅसिडर घेऊन सकाळीच हजर झाले. सोबत त्यांची बायको विमलताई, मागच्या सीटवर गप्प बसलेली.

"टप उडवून टाक," बाजीराव म्हणाले. "उद्या गुलाल आपलाच आहे. उभं राहून हात हलवता आला पाहिजे."

"गाडी कारभारी आप्पांची ना?" मी विचारलं. कारभारी आप्पा म्हणजे विमलताईंचे वडील. गाडी जिवापाड जपणारा माणूस. पोरांना चावी दिली नव्हती कधी.

"सासरे काशीला गेलेत. गाडी आमच्याकडे ठेवून गेले. येतील तेव्हा नगरसेवकाची गाडी म्हणून हार घालू तिला. खूश होतील."

"विचारलंय का?"

"काशीत कुठे विचारत बसू, मिस्तरी? तिथं माणूस मोक्ष मागायला जातो. टपाचं काय विचारायचं?"

विमलताई खाली उतरल्या. "मिस्तरी, टप नंतर परत बसवता येतो?"

"येतो की ताई," मुरली म्हणाला. "पहिल्यापेक्षा भारी."

"बसतो," मी म्हणालो. "पण दिसतो. आणि अँबॅसिडरला टपाने धरलेलं असतं. टप गेला की गाडी कमरेत बसते, दारं लागत नाहीत."

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे," बाजीराव म्हणाले. "कमरेत तर मी पण बसलोय या प्रचारात."

विमलताई हसल्या नाहीत. गाडीच्या टपावरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि बाजूला झाल्या.

आमच्याकडे नवीन अवजार पूजा केल्याशिवाय चालू करायचं नाही. मुरलीने करवतीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ तिच्याच कडेवर आपटून फोडला, पाणी तिच्या तोंडावर शिंपडलं. शेडमध्ये थिनरच्या वासात नारळाचा वास मिसळला. पुढची काच आम्ही आधीच उतरवून ठेवली होती. बाजीरावांनी स्वतः खटका दाबून उद्घाटन केलं. खर्रर्र करून करवत काचेशेजारच्या खांबात शिरली, ठिणग्या उडाल्या, बाजीराव म्हणाले, "वा." तेवढ्यात करवत फुस्स झाली.

"काय झालं?"

"हवा संपली," मी म्हणालो.

आमचा कॉम्प्रेसर रंगाच्या फवाऱ्यासाठीचा. त्याची टाकी पाण्याच्या हंड्याएवढी. करवत एका दमात ती सगळी पिऊन टाकायची. मग कॉम्प्रेसर धडधडत हवा भरायचा, आणि आम्ही गाडीभोवती हात बांधून उभे, जशी काही गाडी अंघोळीला बसलीय. भरली की पुन्हा खर्रर्र, पुन्हा फुस्स. माझा चहा तोपर्यंत गार होऊन वर साय धरून बसला होता.

मग समोरच्या पंक्चरवाल्या सलीमभाईंचा कॉम्प्रेसर जोडायचं ठरलं. पाइप रस्त्यावरून आडवा आणला. सलीमभाई म्हणाले, "आण, पण वरून एसटी गेली तर माझा दोष नाही." एसटी गेलीच. नंतर बैलगाड्या गेल्या, द्राक्षांचे ट्रॅक्टर गेले. दरवेळी चाक पाइपवर आलं की करवत उचकी लागल्यासारखी थांबायची आणि मुरली हात झटकून बोटं काखेत घालायचा. बाजीराव रस्त्यात उभे राहून ट्रॅक्टर अडवायला लागले. लोकांना वाटलं अजून प्रचारच चाललाय. दोघा-तिघांनी सवयीने हात जोडले.

दुपारी मुरलीला करवतीसोबतचा कागद आठवला. त्यात चित्र होतं. हवेच्या तोंडात तेलाचे थेंब टाका.

"तेल मागतेय ती," मुरली म्हणाला. "म्हणून दमतेय."

"ते घे डब्यातलं," मी म्हणालो. डब्यात इंजिनातून काढलेलं काळं तेल होतं.

"नवीन जिनसाला जळकं तेल? दाजी, तुम्ही बाळाला पण पहिल्या दिवशी भाकरी चाराल." तो विमलताईंकडे वळला. "ताई, घरी गोडं तेल असंल ना थोडं?"

"आणते की," विमलताई म्हणाल्या. घर जवळच, शाळेमागं. सकाळपासून त्या पहिल्यांदा एवढ्या झपाझप चाललेल्या मी पाहिल्या.

आल्या त्या स्टीलची वाटी पदराखाली झाकून. वाटी कोमट होती. त्या दिवशी एवढी थंडी होती की शेडच्या पत्र्यावर दव गोठलं होतं, दुपारी सुद्धा माणसं शेकोटी सोडत नव्हती. अशात ताईंनी तेल तापवून आणलं, याचं मुरलीला फार कौतुक वाटलं.

"बघा दाजी. अवजाराला पण माणसासारखं जपतात."

त्याने अर्धी वाटी करवतीच्या पोटात ओतली. आणि खरंच, करवत जी पळाली की काय सांगावं. पुढचे दोन्ही खांब बघता बघता कापले गेले. मुरली माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागला. मग करवतीचा आवाज जड झाला. खर्रर्रचं घर्रर्र झालं, घर्रर्रचं घुं झालं, आणि ती थांबली. हवा होती, पाइप फुगलेला होता, पण पातं हलेना. करवतीच्या तोंडावर पांढरं दव जमलं होतं. हात लावला तर बर्फ.

मुरलीने मागचा स्क्रू काढून बघितलं. "आत पांढरं काहीतरी आहे. कंपनीचं ग्रीस दिसतंय. त्याला हात नको लावायला." आणि त्याने वरून अजून थोडं तेल ओतलं.

"पोपटरावाचं काम आहे हे," बाजीराव म्हणाले. पोपटराव म्हणजे समोरचा उमेदवार. "काल तो इकडून गेला होता. करणी केलीय."

"करवतीवर?" मी विचारलं.

"मग कशावर? टपाचं तर कळलंच नव्हतं त्याला."

बाजीरावांनी बायकोला मीठ-मिरच्या आणायला लावल्या. विमलताईंनी गंभीर चेहऱ्याने करवतीची दृष्ट काढली. मिरच्या शेकोटीत टाकल्या. आम्ही सगळे खोकलो. करवत मुरलीच्या हातात शेकोटीजवळ होती, आणि ती एकदम सुरू झाली. पातं पळायला लागलं.

"बघ," बाजीराव म्हणाले. "उतरली."

चार बोटं पत्रा कापला की पुन्हा घुं. पुन्हा शेकोटीजवळ नेली की पुन्हा चालू. मग मुरलीने नवीनच पद्धत बसवली. करवत मफलरमध्ये गुंडाळून शेकोटीशी बसवायची, थोडं कापायचं, पुन्हा आणून बसवायची. शेकोटीभोवती आम्ही चौघं आणि मफलर बांधलेली करवत. येणारा-जाणारा विचारायचा, कुणाला बरं नाही?

उन्हं कलली तेव्हा पुढचे दोन आणि मधले दोन खांब तुटले होते. मागचे दोन शाबूत. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आपोआप उघडून लोंबकळायला लागलं होतं आणि त्याच्या मागचं दार बसलं होतं घट्ट. मी सकाळी सांगितलं होतं, पण सांगितलं होतं हे सांगायचं पण त्राण नव्हतं.

करवत आता शेकोटीला पण दाद देईना.

"हाताने काप," बाजीराव मला म्हणाले. "जन्मभर काय केलंस मग? दोन खांब तर राहिलेत."

मी हॅक्सॉ घेतला. मागचा खांब कापायचा तर आधी टपाच्या आतलं रेक्झिन मागच्या बाजूने सोडवायला पाहिजे. मी मागच्या सीटवर चढलो आणि उताणा पडलो. वर बघितलं. बरोबर डोळ्यांसमोर, पिवळट रेक्झिनवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, मरून, एक हिरवी. कुणी नक्षी काढल्यासारख्या नाहीत. कशाही, जिथं हात पोचला तिथं.

काच खाली केलेल्या खिडकीतून विमलताईंचा चेहरा आत आला. बाजीराव शेकोटीपाशी मुरलीशी भांडत होते.

"आईच्या आहेत," त्या म्हणाल्या.

मी हॅक्सॉ छातीवर ठेवला.

"आप्पा तिला नाशिकला न्यायचे उपचाराला. ती इथंच आडवी पडून जायची. दवाखान्यात आत नेताना टिकली काढायला सांगायचे. तिला ते आवडायचं नाही. मग ती उतरायच्या आधी स्वतःच काढायची आणि वर चिकटवायची. म्हणायची, येताना लावते."

"मग लावायच्या का येताना?"

"दमलेली असायची. विसरायची बऱ्याचदा. आप्पा अजून मागच्या सीटवर कुणाला बसू देत नाहीत. आज सकाळी मीच बसले. बघून घ्यावं म्हणून."

"मालकांना सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणाले, निवडून आल्यावर नवीन पाकीट आणून देतो."

मी पडल्या पडल्या हॅक्सॉ खांबाला लावला. एकदा ओढला. पत्र्यावर ओरखडा आला.

"काय मिस्तरी, झालं का?" बाहेरून बाजीराव ओरडले.

मी बाहेर आलो आणि हॅक्सॉ खाली ठेवला. "मनगट चालत नाही."

"अरे, सकाळपासून काय केलंस तू? नुसता तर बसलायस."

"बसून पण दुखतंय."

त्या संध्याकाळी मनगट किती दुखत होतं ते आता मला सांगता येणार नाही. दुखत होतं एवढं खरं. मुरली हॅक्सॉ उचलायला वाकला, तर मी त्यावर पाय ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "करवत नाशिकला नेऊन दाखव. कंपनीने फसवलंय तुला." मुरलीचा सगळा राग कंपनीकडे वळला. तो तसाच आहे. राग कुठेही वळवता येतो.

बाजीरावांना मात्र हरणं माहीतच नव्हतं. अजून माहीत व्हायचं होतं. त्यांनी टपाला पुढून वर ढकलून बघितलं. मागचे खांब शाबूत, पुढचं सगळं मोकळं, त्यामुळे टप पेटीच्या झाकणासारखा वर उघडला. गाडीने आ वासला. बाजीराव पुढच्या सीटवर उभे राहिले, आ वासलेल्या गाडीतून हात हलवून बघितला आणि म्हणाले, "हे तर अजून उठून दिसतंय. सगळ्यांची उघडी गाडी असते. अशी कुणाची नसते."

"वर धरून कोण ठेवणार?" मी विचारलं.

"झेंड्याची काठी."

दुसऱ्या दिवशी मोजणीला ते तसेच गेले. कपबशी रंगवलेला झेंडा, त्याचा जाडजूड बांबू सीटवर टेकवलेला, वरचं टोक टपाला, आणि फेटा बांधलेले बाजीराव मधोमध. पुढे काच नाही, म्हणून ड्रायव्हरने डोळे सोडून सगळं मफलरने बांधलेलं. मी आणि मुरली मागून मोटारसायकलवर, काही तुटलं तर असावं म्हणून. विमलताई मागच्या सीटवर. त्यांनी नको म्हटलं नाही. उलट त्याच म्हणाल्या, मी मागे बसते.

तहसीलच्या फाटकाबाहेर गुलालाच्या पिशव्या घेऊन बाजीरावांची पोरं उभी होती. दुपारपर्यंत वाट बघितली. मग आतून कुणीतरी आलं आणि पोरांच्या हातातल्या पिशव्या पोपटरावांच्या पोरांनी विकत घेतल्या. त्यावरून आम्हाला निकाल कळला.

बाजीराव काही वेळ तसेच उभे राहिले. हात अजून अर्धवट वर होता. मग तो हळूच खाली घेतला आणि आजूबाजूला बघितलं. लोक बघत होते. पोपटरावांचा ताशा जवळ येत होता.

"झेंडा काढ," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"मालक, तो झेंडा..." ड्रायव्हर म्हणाला.

"काढ म्हणतो ना. हरल्यावर कशाला मिरवायचा?"

ड्रायव्हरने खाली उतरून काढला. टप वरून खाली आला आणि बाजीराव गाडीत बंद झाले. फेट्याने डोकं वाचवलं, पण फेटा टपात आणि खांबात अडकला आणि त्यांची मान वाकडी राहिली. पोपटरावांची मिरवणूक शेजारून गेली, त्यातल्या काहींनी गाडीवर गुलाल टाकला. चांगल्या मनानेच टाकला. मागचं एक दार आधीच बसलेलं, बाकीची सगळी आता बसली. आम्ही फेटा कात्रीने कापून बाजीरावांना पुढच्या काचेच्या भोकातून ओढून काढलं. विमलताई मागे बसून होत्या. मान वर करून टपाकडे बघत होत्या. तिथं पत्रा जरा दुमडला होता, पण रेक्झिन धड होतं.

आप्पा काशीहून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या सीटवर वाकून वर बघितलं, आणि कंबर सरळ करून मला म्हणाले, "जोडून दे." जावयाशी ते नंतर पुष्कळ दिवस बोलले नाहीत. मी ओली पोती लावून, मागे ठिणगी जाऊ न देता, खांब वेल्डिंगने जोडले. दिसायचं ते दिसलंच. गाडी कमरेतून बसली ती बसलीच. आप्पा तरी ती चालवायचे.

याला आता बरीच वर्षं झाली. आप्पा गेले. मी काम सोडलं. मुरलीचं आता मोठं गॅरेज आहे, तिथं त्याच्याकडे अशा करवती भिंतीला टांगलेल्या असतात. थंडी पडली की त्याची माणसं सकाळी त्या शेकोटीजवळ मांडून बसवतात. का, ते कुणी विचारत नाही. मुरलीने लावलेली पद्धत आहे.

मागच्या हिवाळ्यात विमलताईंनी निरोप पाठवला. आप्पांची गाडी त्यांच्याच अंगणात शेडखाली उभी असते. दारं अडकतात, बघून जा म्हणाल्या. मी गेलो. बाजीराव ओट्यावर पेपर वाचत होते. ऐकू कमी येतं आता. ताई अंगणात भिंतीवर उन्हाला बाटल्या मांडत होत्या.

"हे काय?"

"खोबरेल," त्या म्हणाल्या. "रात्रीत दगड होतं. उन्हाला ठेवल्याशिवाय डोक्याला लावता येत नाही."

मी बाटल्यांकडे बघत राहिलो. आत पांढरं, घट्ट. मी ते आधी कुठेतरी बघितलं होतं. एका करवतीच्या पोटात.

"ताई," मी म्हणालो. "तुमच्याकडे त्या दिवशी गोडं तेल नव्हतं का?"

"डबा भरून होतं," विमलताई म्हणाल्या. त्यांनी एक बाटली फिरवून उन्हाकडे केली. "खोबरेल तापवावं लागलं. घट्ट नेलं असतं तर तुमच्या मेहुण्याच्या पण लक्षात आलं असतं."

"हवेने आत गार पडतं हे तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळपासून बघत होते ना. करवत थांबली की मुरली हात कसा झटकायचा, बोटं काखेत घालायचा. म्हटलं, एवढी गार पडतेय तर बघू."

"आणि दृष्ट काढली ती?"

"ती खरी काढली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चालू नको होऊ बाई." मग ओट्याकडे एकदा बघितलं. "तुमचं मनगट कसं आहे?"

"आहे तसंच."

"त्या दिवशी फार दुखत होतं ना."

"फार," मी म्हणालो.

त्या चहा ठेवायला आत गेल्या. म्हटलं, चहा होईपर्यंत गाडी बघून घ्यावी. मागचं दार ओढून ओढून कसंबसं उघडलं. मागच्या सीटवर आडवा झालो. वर टिकल्या होत्या. रंग उडालेले, दुमडीजवळच्या दोन जरा सरकलेल्या, पण होत्या. हिरवी पण होती. वारं गार येत होतं म्हणून मी दार आतून ओढून घेतलं. चहाची हाक आली तेव्हा उठून दार ढकललं. ते बसलं होतं. आतली मूठ फिरवली. मूठ हातात आली. दुसऱ्या दाराची फिरवली. ती पण आली.